आमचा नवा धागा : केर्नीच्या आजोबांचं सॉकर

नदीपल्याड

आज १ ऑक्टोबर २०२५. सकाळपासून लख्ख ऊन पडलंय, पण खालच्या मजल्यावरचे आजोबा पावसाबद्दल बोलतायत. १ ऑक्टोबर १९७७ ला जायंट्स स्टेडियमवर जो पाऊस पडला त्याबद्दल. दर वर्षी या दिवशी बोलतात आणि मी दर वर्षी ऐकते. या वेळी वाटलं, आपल्या माणसांनाही सांगावं.

आम्ही २००४ साली केर्नीला राहायला आलो. न्यू जर्सीतलं छोटं गाव, पलीकडे नेवार्क, मधून पसेइक नदी. दुमजली घर, खाली मालक, वर आम्ही. मालक आता एकाहत्तरचे आहेत. माझ्या मुलांनी त्यांना आजोबा म्हणायला सुरुवात केली, मग त्यांच्या स्वतःच्या नातवंडांनीही तोच शब्द उचलला. म्हणून मीही इथे आजोबाच म्हणते.

पुढच्या वर्षी विश्वचषक इथे आहे. अंतिम सामना १९ जुलै २०२६ ला, आमच्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर, मेटलाइफ स्टेडियममध्ये. आणि जिथे जाते तिथे एकच वाक्य वाचते : अमेरिकनांना फुटबॉलमधलं काय कळतं, पैसा आहे म्हणून भरवतात. पैशाबद्दल मी वाद घालणार नाही. कळण्याबद्दल मात्र घालणार आहे.

आजोबांचे आजोबा स्कॉटलंडमधल्या पेझलीहून आले. आपल्या साड्यांवरच्या कोयरीला इंग्रजीत ज्या गावाचं नाव मिळालं, तेच पेझली. तिथल्या क्लार्क घराण्याने शिवणदोऱ्याची मोठी गिरणी नेवार्कला आणि मग नदीच्या या काठाला काढली. माणसं आणली तीही तिकडचीच. त्या माणसांनी सामानात चेंडू आणला. गिरणीच्या दोऱ्याचं नाव होतं 'अवर न्यू थ्रेड', म्हणजे आमचा नवा धागा, आणि कामगारांच्या संघाचंही तेच नाव, ओएनटी. १८८५ साली अमेरिकन कप पहिल्यांदा खेळला गेला तो ओएनटीने जिंकला, पुढची दोन वर्षंही त्यांनीच जिंकला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला गिरणीच्या मैदानावर अमेरिका आणि कॅनडा यांच्यात सामना झाला. ब्रिटनबाहेरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून तो ओळखला जातो. कॅनडा १-० ने जिंकला. बास्केटबॉलचा शोध लागायला तेव्हा अजून सहा वर्षं होती. सॉकर म्हणजे अमेरिकेला बाहेरून चिकटवलेली गोष्ट, असं कोणी म्हणालं की आजोबा एवढंच सांगतात आणि गप्प बसतात. धाग्याला हे नाव का दिलं ते आता कळलं असेल.

आजोबांचे वडील इथल्या लिनोलियमच्या कारखान्यात होते. रविवारी सकाळी चर्च, दुपारी मैदान. मैदान म्हणजे खडी आणि राख, गवत नावाला. पडलं की गुडघा सोलवटायचाच. शाळेत मात्र वेगळं जग होतं. तिथे फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून खेळायचा तो. साठच्या दशकात सॉकर खेळणाऱ्या पोराला, हा तर कालच बोटीतून उतरलेल्यांचा खेळ, असं ऐकावं लागे. आजोबांचा जन्म इथला, वडिलांचा जन्म इथला, तरीही. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज अजूनही बदलतो.

मग १९७५ आलं. पेले न्यूयॉर्क कॉसमॉस या क्लबकडून खेळायला आला. पहिला सामना १५ जूनला, रँडल्स आयलंडवरच्या डाउनिंग स्टेडियममध्ये. मैदानावर गवत इतकं कमी की दूरदर्शनवर बरं दिसावं म्हणून माती हिरवी रंगवली होती. आजोबा एकवीस वर्षांचे होते, नेवार्क बंदरावर रात्रपाळी करून थेट तिकडे गेले. म्हणाले, "जगातला सर्वांत मोठा खेळाडू आमच्या सारख्याच मैदानावर उभा होता. खडी, माती, सगळं तेच."

दोन वर्षांत कॉसमॉस जायंट्स स्टेडियममध्ये गेला, आणि १४ ऑगस्ट १९७७ ला फोर्ट लॉडरडेलविरुद्ध ७७,६९१ माणसं आली. कॉसमॉसने ८-३ असा फडशा पाडला. बेकनबाउर, कार्लोस अल्बर्टो, किनालिया हे सगळे एकाच संघात. आजोबा सांगतात की गोलांपेक्षा त्यांना आठवतो तो रस्ता. रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि त्या रांगेत त्यांच्या शाळेतली ती चिडवणारी मुलं, बापे झालेली, खांद्यावर स्वतःची पोरं घेऊन.

१ ऑक्टोबरचा तो सामना पेलेचा शेवटचा. एका बाजूला कॉसमॉस, दुसऱ्या बाजूला त्याचा जुना क्लब सँतोस. पूर्वार्धात तो कॉसमॉसकडून खेळला, फ्री किकवर गोल केला, मध्यंतरात सदरा बदलून उत्तरार्धात सँतोसकडून उतरला. कॉसमॉस २-१ ने जिंकला. सुरुवातीला त्याने माइकवरून सगळ्यांना तीन वेळा 'लव्ह' म्हणायला लावलं होतं. नंतर पाऊस आला आणि कोणी उठलं नाही. आजोबांकडे त्या तिकिटाचा अर्धा तुकडा आहे, शाई पसरलेली. आज सकाळी तो टेबलावर होता.

यानंतरची वर्षं मला जास्त मोलाची वाटतात, आणि ती कुठल्याच माहितीपटात नसतात. कॉसमॉसची बरोबरी करायची म्हणून इतर क्लब उतारवयातले तारे मोठ्या रकमा देऊन आणत राहिले. लीगमधले संघ चोवीसवर गेले, प्रेक्षक तेवढे वाढले नाहीत, मोठ्या वाहिनीने पाठ फिरवली. १९८४ चा हंगाम लीगचा शेवटचा ठरला, त्यात नऊच संघ उरले होते. आजोबा तिशीचे होते. आपल्या गावाचा संघ हरतो तेव्हा पुढच्या वर्षीची आशा असते. इथे पुढचं वर्षच नव्हतं.

मग त्यांनी काय केलं? लघुलहरींवर बीबीसी लावून शनिवारचे निकाल वहीत उतरवले. सार्वजनिक वाहिनीवर आठवड्यातून एक तास जर्मन लीगचा कार्यक्रम लागायचा, 'सॉकर मेड इन जर्मनी', तो सोडला नाही. स्पॅनिश येत नसताना स्पॅनिश वाहिनीवर सामने पाहिले. त्यांना आजही ऑफसाइड, कॉर्नर आणि 'पंच आंधळा आहे' एवढं स्पॅनिश उत्तम येतं. रविवारी स्वतः खेळले, गुडघा गेला तेव्हा शिट्टी घेतली आणि आठ वर्षांखालच्या मुलांचे सामने चालवायला लागले. ते अजून चालवतात.

१९ नोव्हेंबर १९८९ : पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्रिनिदादला बरोबरी पुरेशी होती, अमेरिकेला जिंकावंच लागणार होतं. पॉल कॅलिजुरीने लांबून डाव्या पायाने मारलेला चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून आत उतरला. १-०. चाळीस वर्षांनी अमेरिका विश्वचषकात. आणि त्या संघात टोनी मिओला, जॉन हार्क्स आणि टॅब रामोस, तिघेही आमच्या या गावच्या मैदानांवर वाढलेले. हार्क्सचे वडील स्कॉटलंडचे, रामोस उरुग्वेहून लहानपणी आलेला, मिओलाचं घर इटालियन. केर्नी म्हणजे काय, ते या तिघांत आलं. इटलीत १९९० मध्ये संघ तिन्ही सामने हरला. आजोबांनी तिन्ही सामन्यांच्या चित्रफिती जपून ठेवल्या आहेत.

आत्ता थांबते, मुलीला आणायला जायचंय. १९९४ बद्दल रात्री लिहीन.

पेठकर

ताई, एका दमात वाचलं. मी कोल्हापूरचा. गिरणीच्या संघाचं वाचताना आमच्या तालमी डोळ्यांसमोर आल्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमीच्या नावाने फुटबॉलचा संघ, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. उरलेला देश क्रिकेट बघत असतो तेव्हा आम्ही आमचं आमचं बघतो. त्यामुळे तुमच्या आजोबांना शाळेत काय वाटलं असेल ते मला नीट कळतं.

एक आठवण. ६ ऑक्टोबर २०१७, दिल्ली, सतरा वर्षांखालचा विश्वचषक. भारताचा पहिलाच सामना अमेरिकेशी होता. आमचा अनिकेत जाधव भारताकडून खेळत होता. ०-३ हरलो. पण विश्वचषकाच्या मैदानावर कोल्हापूरचा पोरगा, एवढ्यावर आम्ही रात्र जागवली होती. आजोबांना सांगा.

मध्यरेषा

लेख आवडला, पण एक शंका मनापासून विचारतो. 'सॉकर' हाच शब्द का? सगळं जग फुटबॉल म्हणतं. मला तो शब्द ऐकला की परकेपणा वाटतो.

कूपरेज_कट्टा

@मध्यरेषा, शब्द अमेरिकेचा नाहीच. इंग्लंडमध्ये रग्बी फुटबॉल आणि असोसिएशन फुटबॉल असे दोन खेळ होते. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना शब्द तोडून शेवटी 'अर' लावायची सवय होती. रग्बीचं रगर झालं, असोसिएशनमधल्या 'सॉक'चं सॉकर झालं. इंग्रज वर्तमानपत्रं १९७० च्या दशकापर्यंत हा शब्द सर्रास छापत होती. अमेरिकेत दुसरा फुटबॉल मोठा झाला म्हणून तिथे सॉकर टिकला, ऑस्ट्रेलियातही त्याच कारणाने. ज्यांनी शब्द दिला त्यांनीच नंतर तो टाकून दिला.

@नदीपल्याड, आजोबांच्या वडिलांनी १९५० चा सामना ऐकला होता का? २९ जून १९५०, बेलो होरिझोन्ते, अमेरिका १, इंग्लंड ०. माझ्या मते विश्वचषकाच्या इतिहासात याहून मोठा धक्का नाही. गोलकीपर फ्रँक बोर्गी सेंट लुइसचा, शववाहिका चालवायचा. गोल करणारा जो गेटजेन्स हैतीचा, न्यूयॉर्कमध्ये शिकता शिकता हॉटेलात भांडी घासायचा. आणि त्याचा शेवट वाचून मला कित्येक दिवस चैन पडली नव्हती. तो हैतीला परतला, १९६४ मध्ये तिथल्या हुकूमशहा दुव्हालियेच्या माणसांनी त्याला उचललं आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

उगवती

१९५० म्हणजे ज्या वर्षी आपला संघ अनवाणी खेळायचा म्हणून फिफाने येऊ दिलं नाही तेच ना? लहानपणी बाबांनी सांगितलं होतं.

कूपरेज_कट्टा

तीच स्पर्धा, पण कारण ते नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले हे खरं, त्यावरून ही गोष्ट तयार झाली. भारताला १९५० साठी जागा मिळाली होती, इटली, स्वीडन आणि पराग्वेच्या गटात. आपल्या महासंघानेच माघार घेतली. त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिक म्हणजे सर्व काही होतं, विश्वचषकाचं महत्त्व कोणाला वाटत नव्हतं. ही चूक आपली होती, आणि बुटांच्या गोष्टीने ती झाकली जाते म्हणून मला ती गोष्ट आवडत नाही.

नदीपल्याड

@कूपरेज_कट्टा, आत्ताच खाली जाऊन विचारून आले. सामना ऐकला नव्हता, ऐकण्याची सोयच नव्हती. अमेरिकेतून एकच बातमीदार तिथे गेला होता, सेंट लुइसचा डेंट मॅकस्किमिंग, तोही स्वतःच्या खर्चाने. आजोबांच्या वडिलांना दोन दिवसांनी स्कॉटिश क्लबमध्ये कळलं. आजोबा सांगतात, क्लबमधले म्हातारे अमेरिका जिंकली म्हणून जेवढे खूश होते त्याहून इंग्लंड हरलं म्हणून जास्त! त्या दिवशी अमेरिकेचा कर्णधार एड मॅकिल्वेनी स्कॉटलंडचा होता, मग तर विचारूच नका.

@पेठकर, अनिकेतची गोष्ट सांगितली. तालीम म्हणजे काय हे समजावायला अर्धा तास लागला. शेवटी म्हणाले, "म्हणजे आमच्या गिरणीसारखंच, फक्त दोऱ्याऐवजी कुस्ती." त्यांनी आणखी एक सांगितलं. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिका उपांत्य फेरीत गेली होती, आणि विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक अमेरिकेच्या बर्ट पॅटनॉडची, पराग्वेविरुद्ध. तो मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरचा. तेही कापडगिरण्यांचंच गाव. फिफाने ती हॅटट्रिक त्याच्या नावावर मान्य केली २००६ मध्ये, तोवर तो गेला होता.

आता १९९४. जायंट्स स्टेडियममध्ये कृत्रिम हिरवळ होती, तिच्यावर खरं गवत आणून अंथरलं. १८ जूनला आयर्लंड वि. इटली. आजी, म्हणजे आजोबांच्या पत्नी, नेवार्कच्या इटालियन घरातल्या. दोघं सोबत गेले. रे हाउटनचा गोल झाला, आयर्लंड १-० ने जिंकलं, आजी घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. मी त्यांना पाहिलेलं नाही, आम्ही यायच्या आधीच त्या गेल्या. पण हॉलमध्ये त्या दिवशीचा फोटो आहे. आजोबांच्या अंगात अमेरिकेचा तो डेनिमसारख्या छपाईचा, पांढऱ्या ताऱ्यांचा सदरा, आजींच्या अंगात इटलीचा निळा, आणि दोघंही उन्हाने लाल.

४ जुलैला, म्हणजे थेट स्वातंत्र्यदिनी, ब्राझीलने अमेरिकेला १-० ने हरवलं. लिओनार्दोच्या कोपराने टॅब रामोसच्या कवटीला तडा गेला. आमच्या गल्लीत त्या रात्री फटाके कमी वाजले म्हणतात.

लोक म्हणत होते, विश्वचषक संपला की अमेरिकन विसरतील. त्या स्पर्धेला पस्तीस लाखांहून जास्त प्रेक्षक आले. फक्त चोवीस संघ होते, तरी तो आकडा पुढे बत्तीस संघांच्या स्पर्धांनाही गाठता आला नाही. एवढी माणसं फक्त कुतूहलाने येत नाहीत.

लेकीची_आई

आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून खेळते, आता सोळा. मला या धाग्यावर एक कडू गोष्ट लिहायची आहे. आजोबांच्या काळी हा गिरणी कामगारांचा खेळ होता. आज माझ्या मुलीच्या क्लबची वर्षाची फी साडेतीन हजार डॉलर आहे, प्रवास आणि हॉटेल वेगळं. तिच्याबरोबर एक मेक्सिकन मुलगी होती, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली. दोन वर्षांनी ती यायची बंद झाली. वडिलांचं काम गेलं होतं. क्लबने एका हंगामाची सूट दिली, दुसऱ्याची नाही. माझी मुलगी अजून तिच्याबद्दल विचारते. या देशात सॉकरवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने याबद्दल बोललं पाहिजे. नुसतं अभिमानाने भागणार नाही.

त्याच वेळी, मुलींसाठी या देशाने जे केलं ते मी विसरू शकत नाही. १९७२ चा टायटल नाइन कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींना डावलता येणार नाही असं त्यात ठरलं. कॉलेजांनी मुलींचे सॉकर संघ काढले, शिष्यवृत्त्या दिल्या. १९९१ चा महिलांचा पहिलाच विश्वचषक अमेरिकेने जिंकला. पुरुष संघाला जे जमलं नाही ते यांनी चार वेळा केलं.

नदीपल्याड

@लेकीची_आई, तुमचा प्रतिसाद आजोबांना वाचून दाखवला, इंग्रजी करून. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिला सांग, खरं बोलली." ते मुलांचे सामने चालवायचे पैसे घेत नाहीत याचं कारण हेच. गावच्या लीगमध्ये ज्याला परवडत नाही त्याचे बूट ते आणतात, तळघरात दोन पिंपं भरून जुने बूट आहेत, मापाप्रमाणे लावलेले. मी स्वतः लेस बदलायला बसते.

आणि १९९९. १९ जूनला महिलांच्या विश्वचषकाचा पहिला सामना जायंट्स स्टेडियममध्ये होता, अमेरिका ३, डेन्मार्क ०. ७८,९७२ प्रेक्षक. आजोबा मुलीला घेऊन गेले होते, ती तेव्हा अकरा वर्षांची. त्यांनी १९७७ मध्ये जे पाहिलं होतं तेच दार, तोच जिना, पण या वेळी आजूबाजूला हजारो लहान मुली, तोंडं रंगवलेल्या. ते म्हणतात, "पेलेच्या वेळी मी रडलो नाही, पाऊस होता म्हणून कळलंही नसतं. त्या दिवशी ऊन होतं आणि सगळ्यांना दिसलं." तीन आठवड्यांनी अंतिम सामन्यात, रोझ बाउल स्टेडियमवर ९०,१८५ लोकांसमोर आमची गोलकीपर ब्रायाना स्करीने चीनची पेनल्टी अडवली आणि ब्रँडी चेस्टेनने शेवटची मारली. आजोबांची ती मुलगी आज शाळेत प्रशिक्षक आहे.

मध्यरेषा

शब्दाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो, माहिती नव्हती. पण लीगबद्दल बोलायचंय. एमएलएसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सध्याच्या मोठ्या लीगमध्ये, संघ कितीही वाईट खेळला तरी खालच्या विभागात जात नाही. वाईट खेळल्याची शिक्षा नसेल तर शेवटच्या दहा संघांचे सामने कोणी जीव तोडून का बघावेत? मोहन बागान, ईस्ट बंगाल, डेंपो, साळगावकर यांच्या आय-लीगमध्ये खाली जायची भीती होती, म्हणून शेवटच्या सामन्यांना धार होती. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, ती गेली. अमेरिकेचीच नक्कल.

नदीपल्याड

@मध्यरेषा, पटतंय, आणि यावर आजोबांचं आणि त्यांच्या जावयाचं दर थँक्सगिव्हिंगला भांडण होतं. जावई तुमच्या बाजूचा. आजोबांचं उत्तर १९८४ मधून येतं : "मी एकदा अख्खी लीग मेलेली पाहिली आहे. मला आधी ती जगायला हवी आहे." मला दोन्ही खरं वाटतं.

त्यांचा संघ रेड बुल्स. १९९६ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा मेट्रोस्टार्स हे नाव होतं. २० एप्रिल १९९६, घरचा पहिला सामना, शेवटच्या क्षणी निकोला कॅरिकोलाने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला आणि ०-१ हरले. तेव्हापासून इथले लोक त्याला शाप म्हणतात. २००८ मध्ये अंतिम सामना हरले, २०२४ मध्ये पुन्हा हरले. एकोणतीस वर्षं झाली, एमएलएस कप नाही. आजोबांचं हंगामाचं तिकीट पहिल्या वर्षापासून आहे. २०१० पासून मैदान हॅरिसनला आलं, आमच्या शेजारच्या गावात. नेवार्ककडून लोक जॅक्सन स्ट्रीटच्या पुलावरून ढोल वाजवत चालत येतात. पोर्तुगीज, ब्राझिलियन, इक्वेडोरचे, पेरूचे. आम्हीही जातो. माझा मुलगा त्या पुलावरच इंग्रजीआधी पोर्तुगीज घोषणा शिकला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये त्रिनिदादमध्येच, कूव्हाला अमेरिका १-२ हरली आणि २०१८ चा विश्वचषक हुकला, ती रात्र मी त्यांच्यासोबत होते. ज्या देशात १९८९ ची ती रात्र आली, तिथेच ही आली. त्यांनी टीव्ही बंद केला, मला म्हणाले, झोप आता. शनिवारी सकाळी आठला ते शिट्टी गळ्यात घालून बागेत होते.

तिसरी_घंटा

बऱ्याच दिवसांनी लॉगइन केलं, फक्त यासाठी. माझे बाबा बँकेत होते, १९७७ मध्ये त्यांची बदली कोलकात्याला होती. २४ सप्टेंबर १९७७ ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान वि. कॉसमॉस झाला, पेले खेळला. बाबा त्या सामन्याला होते. म्हणजे तुमच्या आजोबांच्या सामन्याच्या बरोबर सात दिवस आधी! तिथेही आधी पाऊस झाला होता, मैदान चिखल. २-२ बरोबरी. बाबा आता ठाण्याला असतात, ब्याऐंशी वर्षांचे. त्यांना फोन करून हा धागा वाचून दाखवला, लिंक पाठवली तर म्हणाले अक्षर बारीक आहे, तूच वाच.

ते म्हणाले, सगळे पेलेला बघायला गेलो होतो आणि घरी आलो ते बागानच्या हबीब आणि श्याम थापाबद्दल बोलत. बागानच्या गोलांना जो आवाज झाला तसा त्यांनी पुन्हा कधी ऐकला नाही. पण पेलेला बघून काय वाटलं असं विचारलं तर म्हणाले, "तो थकलेला होता. मला त्याची काळजी वाटली." हे त्यांनी मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

पेठकर

अंगावर काटा आला.

नदीपल्याड

@तिसरी_घंटा, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवताना मला मध्ये थांबावं लागलं. आजोबा उठले, आतून ते तिकीट घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यांना कोलकात्याचा सामना झाला होता हे माहीत होतं, पण तिथे बसलेला माणूस कधी भेटेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी बाबांना तीन प्रश्न विचारायला सांगितलेत, जसेच्या तसे लिहिते. एक, चिखल किती होता, घोट्यापर्यंत की नुसता वरवर? दोन, पेले मैदानातून बाहेर येताना कोणाकडे बघत होता? तीन, तुम्ही कुठे बसला होता?

आणि हे त्यांनी भीत भीत विचारलं, म्हणून मीही तसंच विचारते : बाबांशी व्हिडिओवर बोलता येईल का? इंग्रजी हळू बोलतील. मी मध्ये बसेन.

तिसरी_घंटा

बाबांना आत्ताच विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं समोरासमोरच देईन म्हणाले. तिसऱ्याचं लिहून पाठव म्हणाले : वरच्या रांगेत, खांबामागे, अर्धा गोल दिसत नव्हता.

रविवारी चालेल. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा. बाबांनी इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय.